संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी की सॉफ्टवेअर अभियांत्रिकी : विद्यार्थ्यांची मते वाचून निवड कशी करावी?

आरंभबिंदू (प्रश्न)

माझे शालेय शिक्षण यंदा पूर्ण होईल आणि पुढे संगणकाशी संबंधित पदवी घ्यायची, एवढे ठरले आहे. अडले आहे ते शाखेवर. संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी अशा तीन अभ्यासक्रमांची माहितीपत्रके मी वाचली. परंतु पहिल्या वर्षाचे विषय तिन्हींमध्ये जवळजवळ सारखेच असल्याने त्यांवरून काही उलगडा होत नाही. म्हणून सध्या शिकत असलेल्या आणि नुकतीच पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांची मते वाचायला घेतली, आणि गोंधळ उलट वाढला.

एकाच अभ्यासक्रमाविषयी एक जण लिहितो की गणिताचा नुसता भडिमार असून कामाचे काहीच शिकवत नाहीत. दुसरा लिहितो की प्रकल्पांवर प्रकल्प करून घेतात, पण पाया कच्चाच राहतो. कोणी म्हणते की शिकवतात ते सगळे जुनाट आहे, कारण आजही सुरुवात सी भाषेपासून होते. ऑटोमेटा आणि गणनसिद्धांत (यंत्राला काय सोडवता येते आणि काय नाही याचा गणिती अभ्यास) या विषयाबद्दल चांगले बोलणारा तर मला अजून भेटलेला नाही. संगणक अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की पुढे सॉफ्टवेअरमध्येच काम करायचे असेल तर सर्किट आणि सिग्नल शिकण्यात घालवलेला वेळ फुकट जातो. हे सगळे इंटरनेटवर विनामूल्य शिकता येते आणि पदवी केवळ कागदासाठी घ्यायची, असे सांगणारेही पुष्कळ आहेत.

माझे गणित बरे आहे, पण त्याची आवड आहे असे म्हणता येणार नाही. पायथनमध्ये लहानसहान प्रोग्रॅम लिहिले आहेत आणि यंत्राच्या आत नेमके काय चालते याचे कुतूहल आहे. या तीन शाखांतला खरा फरक कुठे दिसतो आणि इतक्या परस्परविरोधी मतांपैकी कोणत्या मतांना किती वजन द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तर्कद्वार

मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

शाखेच्या नावावर फार विसंबू नका. संगणनाशी संबंधित पदव्यांचे संगणक अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, माहिती प्रणाली, माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी असे पाच प्रकार असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, आयईईई कम्प्युटर सोसायटी आणि त्यांच्या सहयोगी संस्थेने २००५ च्या संयुक्त अहवालात मांडले आहेत. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. विद्यापीठांमध्ये मात्र एकाच नावाखाली बरेच वेगळे अभ्यासक्रम आढळतात, आणि त्याचे कारण बहुधा विभागाच्या जन्मात असते. केंब्रिजमध्ये १९५३ साली सुरू झालेली संगणनाची एक वर्षाची पदविका तिथल्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीतून निघाली. एमआयटीमध्ये हा विषय विद्युत अभियांत्रिकीच्या विभागात वाढला आणि आजही त्या दोन्हींचे नाव एकत्र घेतले जाते. 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ झाली ती जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ मध्ये नाटोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेनंतर, जेव्हा मोठ्या आज्ञावल्या (प्रोग्रॅम) वेळेत आणि खर्चात पूर्ण होत नाहीत ही चिंता सर्वत्र होती. गणितातून आलेला विभाग सिद्धता मागतो आणि विद्युत अभियांत्रिकीतून आलेला विभाग प्रयोगशाळेत उभे करतो, हा कल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

म्हणून पहिले वर्ष सोडून तिसऱ्या वर्षाचे सक्तीचे विषय पाहावेत. तिथे डिजिटल लॉजिक, कम्प्युटर आर्किटेक्चर, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, एम्बेडेड सिस्टिम्स (उपकरणांच्या आत बसवलेले संगणक) असे विषय असतील तर ती संगणक अभियांत्रिकी. अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायरीवार रीती), गणनसिद्धांत, कंपायलर (आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन), ऑपरेटिंग सिस्टिम यांवर भर असेल तर ते संगणकशास्त्र. गरजांचे विश्लेषण, रचना, चाचणी, देखभाल आणि दीर्घकाळ चालणारा गटप्रकल्प असेल तर सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. ऐच्छिक विषयांच्या लांबलचक यादीला भुलू नये. त्यांतले अर्धे विषय दरवर्षी चालवले जात नाहीत.

हार्डवेअर वाया जाते या तक्रारीविषयी एक उदाहरण देतो. मोठ्या द्विमितीय सारणीतील सर्व संख्यांची बेरीज करायची आहे. ओळीमागून ओळ घेतली किंवा स्तंभामागून स्तंभ घेतला, तरी बेरजांची संख्या तेवढीच, म्हणजे अल्गोरिदमच्या पुस्तकी हिशोबाने दोन्ही सारखेच. सी भाषेत हे दोन्ही प्रकार चालवून पाहिले, तर सारणी पुरेशी मोठी असताना स्तंभांचा प्रकार कित्येक पट हळू चालतो. सी भाषा सारणी ओळीनुसार सलग साठवते आणि प्रोसेसर स्मृतीतून एकेक संख्या न आणता बहुधा ६४ बाइटांचा अख्खा तुकडा कॅशमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या लहान पण वेगवान स्मृतीत, आणतो. ओळीने गेल्यास त्या तुकड्यातली प्रत्येक संख्या उपयोगी पडते, स्तंभाने गेल्यास एक संख्या वापरून उरलेला तुकडा बहुतेक वेळा वाया जातो. हे मला आर्किटेक्चरच्या वर्गात कळले. पायथनपुरते शिकून थांबलेल्या विद्यार्थ्याला 'हळू का चालते' हा प्रश्न पडतो, पण उत्तर कुठे शोधायचे ते ठाऊक नसते. तुम्हाला यंत्राच्या आतले कुतूहल आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे ही तक्रार तुमच्या बाबतीत कितपत लागू पडेल याची मला शंका आहे.

सिग्नल्सचा विषय मात्र खरोखरच अनेकांना जड जातो, आणि फुरिए रूपांतर (सिग्नल निरनिराळ्या वारंवारतांत विभागण्याची रीत) कशासाठी शिकतो आहोत हे न सांगता ते शिकवले तर तो जड जाणारच.

खडू आणि फळा

मी अनेक वर्षे हे विषय शिकवतो. आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण विद्यार्थ्यांची मते खोटी नसतात, तरीही ती जशीच्या तशी घेता येत नाहीत.

मत कशाबद्दल आहे याच्या आधी ते केव्हा दिले आहे ते पाहावे. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला आपण किती शिकलो याची जी भावना असते, ती प्रत्यक्ष शिकण्याशी जुळतेच असे नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एकाच विषयावर काही विद्यार्थ्यांना सफाईदार व्याख्यान मिळाले, काहींना गटात बसून उदाहरणे सोडवावी लागली. उदाहरणांशी झटापट केलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते. आपण कमी शिकलो असे मात्र त्यांनाच वाटत होते. अडखळणे हे न शिकल्याचे लक्षण आहे अशी माणसाची समजूत होते, आणि ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजत असल्याचा आभास निर्माण होतो. 'सर फार सोपे करून सांगतात' हे वाक्य मतांमध्ये वारंवार येते. ते शिक्षकाच्या वक्तृत्वाबद्दल बरेच सांगते, पुढे काय उरेल याबद्दल थोडेच.

याहून अस्वस्थ करणारा पुरावा अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतून आला. तिथे कलनाच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही आणि परीक्षा सर्वांना एकच असते, त्यामुळे तुलना रास्त होते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवले की ज्या शिक्षकांचे विद्यार्थी त्या परीक्षेत चांगले गुण मिळवत, त्यांनाच विद्यार्थ्यांची पसंती मिळे. पण त्याच विद्यार्थ्यांची पुढच्या, त्या पायावर उभ्या असलेल्या विषयांतली कामगिरी तुलनेने कमी पडत होती. संगणनात तर विषय एकमेकांवर फार रचलेले असतात. डेटा स्ट्रक्चर्सचे (स्मृतीत माहिती मांडून ठेवण्याच्या रचनांचे) मूल्यमापन त्या सत्राच्या अखेरीस करणारा विद्यार्थी त्या विषयाची कसोटी लागण्याआधीच निकाल देत असतो. ती कसोटी लागते ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस शिकताना.

मग मतांचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे. रेषीय बीजगणित पुढे उपयोगी पडेल का, याचा साक्षीदार म्हणून दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कच्चा असतो. परंतु दिलेला गृहपाठ तपासून परत येण्यास किती आठवडे लागतात, प्रयोगशाळेत अडल्यावर मदतीला कोणी असते का, आज्ञावली कोणी माणूस वाचतो की केवळ स्वयंचलित चाचण्या चालवून गुण दिले जातात, गटप्रकल्पात काम न करणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळतात का, जाहीर केलेला ऐच्छिक विषय प्रत्यक्षात चालवला गेला का, या बाबतींत त्याच्याइतका विश्वासार्ह साक्षीदार दुसरा नाही. माहितीपत्रक या गोष्टी सांगत नाही, आणि माझ्यासारखे शिक्षकही त्या उत्साहाने सांगत नाहीत. मते वाचताना विशेषणे गाळावीत आणि घडलेल्या गोष्टी तेवढ्या टिपाव्यात. 'भयंकर विषय' यातून काही हाती लागत नाही. 'पहिल्या गृहपाठाचे गुण अंतिम परीक्षेनंतर कळले' यातून बरेच लागते.

आणखी एक. मध्येच अभ्यासक्रम सोडून गेलेल्यांचे मत सहसा कुठे नोंदलेलेच नसते. पदवीधरांची मते त्यामुळे थोडी गोड असतात.

जुनी आज्ञावली

'जुनाट' या तक्रारीबद्दल लिहावेसे वाटले. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि नव्याने येणाऱ्या पदवीधरांबरोबर रोज काम करतो.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभीची आहे हे खरे, पण जिला नवी समजले जाते ती पायथनही १९९१ पासून आहे. डेटाबेसचा जो संबंधात्मक (माहिती तक्त्यांत मांडणारा) नमुना आजही शिकवतात, तो एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. इंटरनेटचा टीसीपी हा नियमसंच १९७४ च्या शोधनिबंधातून पुढे आला. अभ्यासक्रमातले वर्ष पाहून त्याचे वय ठरवायचे तर सगळेच मोडीत काढावे लागेल. सीपासून सुरुवात करण्याला माझी वैयक्तिक पसंती नाही, कारण नवशिक्याची शक्ती पॉइंटर (स्मृतीतील जागांचे पत्ते) आणि स्मृतीच्या चुका निस्तरण्यात जाते; परंतु पदवीभरात एकदाही स्मृती स्वतः मागून स्वतः मोकळी न केलेला पदवीधर मला अपुरा वाटतो.

गणिताबद्दलची तक्रार जरा नीट उलगडून पाहिली पाहिजे, कारण 'गणित' या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात. कलन, विविक्त गणित, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि सिद्धता लिहिण्याची सवय यांचे उपयोग वेगवेगळे आहेत. यंत्रशिक्षण आणि ग्राफिक्स रेषीय बीजगणितावर चालतात. संकेतलेखनाला संख्यासिद्धांत लागतो. नेहमीच्या व्यावसायिक आज्ञावलीत यांपैकी काहीच थेट दिसत नाही, हे मान्य करायला हवे. तिथे उपयोगी पडते ती काटेकोरपणाची सवय. द्विभाजन शोध (क्रमाने लावलेल्या यादीचा दरवेळी निम्मा भाग बाद करत शोधणे) हा पहिल्या वर्षाचा अल्गोरिदम आहे आणि त्याची सिद्धता फळ्यावर सहज मांडता येते. असे असूनही जावाच्या प्रमाणित संग्रहातील त्याच्या आवृत्तीत एक दोष कित्येक वर्षे दडून होता आणि जोशुआ ब्लॉक यांनी तो २००६ मध्ये जाहीरपणे समजावून सांगितला. मधले स्थान काढण्यासाठी खालचे आणि वरचे स्थान मिळवून दोनाने भागले जाई; सारणी एक अब्जाहून मोठी झाली की ही बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडून ऋण होऊ शके. गणितातला पूर्णांक अमर्याद असतो, यंत्रातला नसतो. एरियन ५ हे प्रक्षेपक यान ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटून नष्ट झाले, त्याच्या मुळाशी ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात न मावणे हेच होते. ती आज्ञावली आधीच्या एरियन ४ वरून उचललेली होती, जिथे ती संख्या तेवढी मोठी कधी होतच नसे. फळ्यावरची सिद्धता आणि यंत्रातली मर्यादा या दोन्ही बाजू शिकवणारा अभ्यासक्रम मिळाला, तर गणित जास्त आहे म्हणून तो टाळू नये.

ऑटोमेटाचीही बाजू घेतो, कारण इथे त्याची बाजू घेणारा कोणी दिसत नाही. एकात एक कितीही खोल जाऊ शकणारे कंस जुळतात की नाही, हे अभिजात रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सूत्राने) तपासता येत नाही, हे तो विषय सिद्ध करून दाखवतो. ते ठाऊक नसलेले हुशार लोक अशी एक्स्प्रेशन लिहिण्यात दिवस घालवताना मी पाहिले आहेत.

जिथे विद्यार्थी पूर्णपणे बरोबर आहेत असे मला वाटते, ती तक्रार दुसरीच आहे. दुसऱ्याने लिहिलेली मोठी आज्ञावली वाचणे, तिच्यात लहानसा बदल करणे आणि काही मोडले नाही याची खात्री करून घेणे, हे कामाचे मुख्य स्वरूप असते. अभ्यासक्रमात मात्र बहुतेक गृहपाठ कोऱ्या पानावर सुरू होतात आणि गुण मिळताच फेकून दिले जातात. आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन २००५ पासून आहे. ते वापरायला शिकवण्यास एक आठवडा पुरतो, तरी अनेकांना तोही मिळत नाही.

अनुत्तरित

'खडू आणि फळा' यांचे प्रतिपादन मला पटले, तरी त्यात एक पळवाट आहे आणि ती नोंदवणे आवश्यक वाटते. 'आज कळत नाही, पुढे महत्त्व कळेल' हे उत्तर चांगल्या विषयाच्या बचावासाठी जसे वापरता येते, तसेच निकृष्ट विषयाच्या बचावासाठीही वापरता येते. मी ज्या विभागात शिकलो तिथे प्रयोगशाळेतील आज्ञावल्या आधीच्या तुकडीकडून उतरवून घेतल्या जात आणि तोंडी परीक्षेत पाठ केलेल्या व्याख्या विचारल्या जात. तो विषय अवघड होता म्हणून आम्ही तक्रार करत नव्हतो. त्यात काही करावेच लागत नव्हते, म्हणून करत होतो. अवघडपणाची तक्रार आणि पोकळपणाची तक्रार या दोन्ही 'वाईट' याच शेऱ्याने नोंदल्या जातात, आणि अभ्यासांचे दाखले देताना हा भेद पुसला जाऊ नये.

मतांच्या कालमानाबद्दलही एक गोष्ट कोणी बोलले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले. त्यानंतर प्रारंभिक प्रोग्रॅमिंगचे बहुतेक गृहपाठ अशा साधनाकडून क्षणात लिहून घेता येऊ लागले. त्यापूर्वी शिकलेल्यांनी गृहपाठांविषयी व्यक्त केलेली मते, मग ती स्तुती असो वा निंदा, आजच्या वर्गाला क्वचितच लागू पडतात. काही विभागांनी गृहपाठाचे गुण कमी करून पर्यवेक्षित परीक्षेचे वाढवले, काहींनी लिहिलेल्या आज्ञावलीवर समोरासमोर प्रश्न विचारणे सुरू केले, काहींनी काहीच बदलले नाही. आपण पाहत असलेला विभाग यांपैकी काय करतो, हे पहिल्या वर्षाच्या आजच्या विद्यार्थ्याला विचारावे. पदवीधराला विचारून उपयोग नाही.

इंटरनेटवर सगळे विनामूल्य आहे, हे खरे आहे. ते चार वर्षे, आवडत नसलेल्या भागासह, कोणी मागे न लागता पूर्ण करणारी माणसे मला फार थोडी भेटली.

खडू आणि फळा

'अनुत्तरित' यांचा आक्षेप रास्त आहे. पोकळ विषय ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न विचारता येईल : या विषयात तुम्ही शेवटी काय तयार केले आणि ते चुकले तेव्हा कोणी सांगितले? ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेला विद्यार्थी शेड्यूलर (कोणत्या प्रक्रियेला प्रोसेसर केव्हा द्यायचा ते ठरवणारा भाग) लिहिल्याचे, त्यात प्रक्रिया एकमेकींसाठी अडून बसल्याचे आणि ते कसे शोधले याचे सविस्तर वर्णन करू लागला, तर तो विषय त्याने कितीही शिव्या देऊन सांगितला तरी जिवंत आहे असे समजावे. उत्तरादाखल केवळ प्रकरणांची नावे आली, तर गुण कितीही चांगले असोत, तिथे फारसे काही घडलेले नाही.

आरंभबिंदू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सुचवल्याप्रमाणे तिसऱ्या वर्षाचे सक्तीचे विषय काढून पाहिले आणि बराच फरक दिसला. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत ऑपरेटिंग सिस्टिम ऐच्छिक आहे आणि कम्प्युटर आर्किटेक्चर मुळीच नाही, त्यामुळे तो अभ्यासक्रम मी बाजूला ठेवला. उरलेल्या दोहोंपैकी संगणकशास्त्राकडे गणनसिद्धांत आणि कंपायलर आहेत, तर संगणक अभियांत्रिकीकडे आर्किटेक्चर, सिग्नल्स आणि एम्बेडेड सिस्टिम्स. पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना गृहपाठ कसे तपासले जातात हेही विचारले आहे. उत्तरे यायची आहेत. एक शंका उरते. संगणक अभियांत्रिकी घेतली आणि पुढे कल सॉफ्टवेअरकडेच राहिला, तर अल्गोरिदमची बाजू लंगडी पडेल का?

तर्कद्वार

आमच्याकडे अल्गोरिदमचा एक विषय सक्तीचा आहे आणि तो संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवतात, त्यामुळे लंगडेपणा जाणवला नाही. सगळीकडे असेच असेल असे नाही. तुम्ही पाहत असलेल्या अभ्यासक्रमात हा विषय डेटा स्ट्रक्चर्सपासून वेगळा आहे की दोन्ही एकाच सत्रात उरकले आहेत, ते पाहून घ्या. एकाच सत्रात असतील तर आलेखांवरचे अल्गोरिदम आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग बहुधा शेवटच्या दोन आठवड्यांत कोंबलेले असतात, आणि तो भाग तुम्हाला संगणकशास्त्र विभागाकडून ऐच्छिक म्हणून घेता येतो का, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारावे. उलट दिशेने, म्हणजे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नंतर आर्किटेक्चर आणि एम्बेडेडच्या प्रयोगशाळेत जागा मिळणे, अधिक कठीण जाते. तिथे यंत्रसामग्री मर्यादित असते आणि आधी आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांना जागा देतात.